वाढणारा शेवटी जेवतो

दीपक गेल्याचा आईचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. वीजबिलांच्या तक्रारी ऐकणं हे माझं काम. समोरचे गृहस्थ टेबलावर हात आपटत होते आणि मी फोन कानाला लावून त्यांच्याकडे नुसती बघत होते. मनात पहिला शब्द आला तो ‘सुटला’. माझा धाकटा भाऊ, चाळिशीही न गाठलेला, आणि मला सुटल्यासारखं वाटावं... हे तेव्हा कुणाला सांगायची सोय नव्हती. आता काही आठवडे उलटलेत, म्हणून लिहिते. ज्यांच्या घरात कुणी वर्षानुवर्षं डायलिसिसवर आहे त्यांना हा शब्द समजेल, बाकीच्यांनी मला खुशाल नावं ठेवावीत. पण आई सुटली नव्हती. मी धुळ्याहून जळगावला पोचले तर ती भिंतीला टेकून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत बसलेली, “मना पोऱ्या उपाशी गया वं.”

तिचं म्हणणं झटकून टाकण्यासारखं नव्हतं. रावेरला केळीच्या पॅकिंगवर दीपकनं उमेदीची वर्षं काढली, घडाकडे नुसतं बघून कोणता माल कोणत्या गाडीत चढवायचा ते ठरवायचा, आणि मूत्रपिंडं बिघडल्यावर डॉक्टरांनी सगळ्यात आधी बंद केलं ते केळं. मग मीठ गेलं, डाळ मोजून आली, पाणीसुद्धा मापात. तो जळगावला खोली घेऊन राहायला लागला आणि आई त्याच्याजवळ आली. ती भाज्या उकळून पाणी फेकायची आणि जे उरेल ते फोडणीला टाकायची. ताट समोर आलं की दीपक विचारायचा, “माय, हाई भाजी न्हाईधुईसन उनी का?” आई हसायची आणि स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसायची. खाण्याइतकीच त्याला वाढायची हौस. नरडाण्याजवळच्या आमच्या गावात लग्न असो की भंडारा, वरणाची बादली दीपककडे. ‘पुरे’ हा शब्द त्याला ऐकू येत नसे. आमच्याकडची रीत अशी की वाढणारे शेवटी बसतात आणि जेवून उठलेले त्यांना वाढतात. सगळ्या गावाला आग्रहानं बेजार केलेल्या माणसावर मग असा काही सूड उगवला जायचा की विचारू नका. भर उन्हात, ढेकर देत देत, हा शेवटची बट्टी संपवायचा आणि वर म्हणायचा की वरण जरा पातळ होतं.

डायलिसिसच्या खुर्चीत एक हात सुयांत अडकलेला असायचा. उशीवर मोबाइल टेकवून दुसऱ्या हातानं खेळता येईल असं काही शोधताना त्याला हा खेळ सापडला. एका ओसाड जगात तुम्हाला सोडून देतात. लाकडं तोडायची, घर बांधायचं, थंडीपासून आणि जनावरांपासून जीव वाचवायचा. पडद्याच्या कोपऱ्यात पोटाची एक हिरवी पट्टी असते, ती रिकामी झाली की माणूस मेला. रोजचं पोट मासे आणि भाजलेले कंद यांवर भरतं, पण काही पदार्थ असे की ते मिळवायला महिनोन्‌महिने भटकावं लागतं. त्यांची इंग्रजी नावं मला आजही माहीत नाहीत, कारण दीपकनं सगळ्यांचं नव्यानं बारसं केलं होतं. बर्फाच्या कड्यावर लागणारी लाल फळं म्हणजे मेहरूणची बोरं. धुक्याच्या डोंगरावरच्या पोळ्यातला मध म्हणजे सातपुड्याचा मध. आणि ज्वालामुखीच्या गुहेत क्वचित पिकणारं एक पिवळं फळ, दिसायला चक्क पपईसारखं, पण ते मात्र केळं. माझ्याही फोनवर त्यानं खेळ टाकून दिला. “अक्का, तू बी ये, तठे कोनीच तक्रार करस नही.” मी गेले. आठवड्यातून दोनदा थंडीनं मरायचे आणि तो मला शोधून शेकोटीपाशी आणायचा.

हे सगळं दुर्मीळ खाणं तो एका लाकडी पेटीत साठवून ठेवी आणि स्वतः भाजलेला कंद खाऊन दिवस काढी. मला चीड यायची. खऱ्या आयुष्यात सगळ्याला मनाई, आणि जिथे मनाई नाही तिथे हा उपास करतोय. “अरे, खा की बाबा. इथे कोणता डॉक्टर बसलाय?” मी म्हटलं. तो म्हणाला, “एकलं खावाले काय मजा शे?” चिकटपणाला तत्त्वज्ञानाची फोडणी, एवढंच मला तेव्हा वाटलं.

सलीम त्याला या खेळातच भेटला. वेगवेगळ्या गावांचे अनोळखी लोक एका टोळीत खेळतात, बहुतेक मोडकंतोडकं इंग्रजी नाहीतर हिंदी बोलतात. एकदा रानडुकरांचा कळप अंगावर आला आणि घाबरलेल्या एकाच्या तोंडून निघून गेलं, “पया रे, बठ्ठा मरी जासूत.” आपली अहिराणी ऐकून दीपक पळायचा तो थांबलाच. “कोन गावना रे भो?” अशी त्यानं तिथल्या तिथे चौकशी मांडली आणि डुकरांनी दोघांनाही लोळवलं. सलीम नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात कामाला, राहायला आमच्याच गावाच्या पलीकडे. प्रत्यक्षात मात्र दोघांची गाठ कधी पडली नाही. कधी याची तब्येत, कधी त्याची पाळी... भेटू भेटू म्हणत राहून गेलं.

दीपक जायच्या आधीच्या रविवारी मी जळगावला आले होते, जवळच असोद्याला नात्यातलं लग्न होतं. मी आणि आई जायला तयार नव्हतो, त्यानंच आम्हाला हाकललं. आम्ही वरण-बट्टी, वांग्याची भाजी जेवून आलो. हा पलंगावर मोबाइल छातीवर ठेवून पडलेला, चेहरा खुशीत. मला वाटलं, बरं वाटतंय आज. त्याच आठवड्यात तो सकाळी चहा घेऊन जरा आडवा झाला आणि उठला नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, त्रास झाला नसेल. मी त्या वाक्याला घट्ट धरून राहिले. आईला ते पुरेना. “आपन असोदाले बट्टी खाई उनूत, आनि तो उकडेल दुधी खाईसन गया,” असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. ताटावर बसायची, घास हातात घ्यायची आणि परत ठेवून द्यायची. दिवसकार्य आटोपलं तरी तेच. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. भावाची काळजी संपली होती, आता आई हातची जाते की काय या भीतीनं मी रजा वाढवत होते.

अशात एका सकाळी, आमच्या गावातून बातमी आणि पत्ता घेऊन, सलीम दारावर आला. भेटायला येणारे बसतात तसा दाराजवळ जमिनीवर बसला. हा कोण, आईला कळेना. मी सांगितलं की दीपकबरोबर खेळायचा. आईनं त्यालाही तेच ऐकवलं, पोरगा उपाशी गेला. सलीमनं मान वर केली. “माय, त्यानी पंगत दिन्ही ना. तुमले माहीत नही का?”

आम्हाला काहीच माहीत नव्हतं. त्यानं सांगितलं ते असं. त्या रविवारी आम्ही असोद्याला असताना दीपकनं सगळ्या टोळीला आपल्या खेळातल्या घरी बोलावलं. अंगणात एका रांगेत बसवलं. पेटी उघडली आणि बोरं, मध, ती पिवळी केळी, सगळं एकेकापुढे ठेवत रांगेतून फिरू लागला. आता खेळाचं साधं गणित असं की पोटाची पट्टी भरलेली असताना खाल्लं तर ते खाणं फुकट जातं. शहाणा खेळाडू दुर्मीळ पदार्थ मरायला टेकल्यावरच तोंडात टाकतो. बंगळूरचा एक जण तर हात जोडायच्या बेतात होता, की भाऊ, पोट भरलंय, वाया जातंय, ठेव. दीपकचं एकच, “आखो एक ले.” असा आडमुठेपणा जगात दुसऱ्या कुठल्या गावच्या माणसानं केला नसता. पेटी रिकामी होईपर्यंत त्यानं कुणाला उठू दिलं नाही. पण सलीमही त्याच मातीतला. वाढणारा शेवटी बसतो हे त्याला ठाऊक, म्हणून आपल्या वाटणीतलं एक केळं त्यानं न खाता राखलं होतं, आणि इतरांनाही थोडं थोडं राखायला सांगितलं होतं. मग सगळे उठले, दीपकला रांगेत बसवलं आणि वाढायला लागले.

आईला यातलं निम्मं कळलं नसेल. तिनं एवढंच विचारलं, “मंग तो जेवना का?”

“जेवना, माय. पोट भरेल शे, भरेल शे म्हने... आम्ही काय आईकतस?”

आई माझ्याकडे वळून म्हणाली, दाखव. मी त्या दिवसांत खेळाकडे फिरकले नव्हते. उघडला. या खेळात कुणी सोडून गेला की त्याचा माणूस होता तिथेच झोपून राहतो आणि त्याची भूकही तिथेच थांबते. घराचं अंगण दिसलं. पेटीचं झाकण उघडंच. पंगतीनंतर खेळात परत न आलेला दीपक रांगेच्या टोकाला कलंडलेला, डोक्यावर त्याचं नाव आणि नावाखाली हिरवी पट्टी, या टोकापासून त्या टोकापर्यंत भरलेली. आईनं चष्मा लावला. बोटानं पट्टी दाखवली.

“हाई पोट का?”

“हो.”

“आते कमी व्हवाव नही?”

“नही, माय,” सलीमच म्हणाला. “आते कधीच नही.”

तिनं फोन आणखी थोडा वेळ हातात धरला. मी तेव्हा पहिल्यांदा मोकळी रडले, आणि ते रडू दुःखाचं कमी, हायसं वाटल्याचं जास्त होतं, हेही लिहून टाकते. आईनं पदरानं पडदा पुसला, फोन माझ्या हातात दिला आणि पाय आखडून घेत नीट मांडी घालून बसली.

“आते माले वाढ,” ती म्हणाली.