देशाचं ताट तपासणारे मामा

सबंध देश काल काय जेवला, याची आमच्या मामांइतकी काळजी दिल्लीतसुद्धा कुणी केली नसेल. मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. यवतला त्यांच्या घरी राहून मी कॉलेज केलं आणि आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो. लोकांच्या आहाराची सरकारी पाहणी करणं ही मामांची नोकरी. पिशवीत ठरावीक मापाच्या स्टीलच्या वाट्या घेऊन ते शिरूर-दौंडची गावं पालथी घालत आणि घरोघरी विचारत, "काल सकाळपासून काय काय खाल्लं?" ही सवय अंगात इतकी मुरली, की लग्नात आहेर देताना ते नवरदेवाच्या कानाशी वाकून विचारत, "काल पालेभाजी होती का?" एस.टी.त कंडक्टरनं तिकीट विचारलं, तर मामांनी त्याला न्याहरी विचारली. वडापाव ऐकून यवत येईपर्यंत त्याला मटकी भिजवायची कशी ते समजावलं.

त्यांचा खरा वैरी म्हणजे गावचा पाहुणचार. मामा येणार असं कळलं, की मांडवगणात कोंबडं कापलं जाई. मग कालचं जेवण विचारलं, तरी सगळे आजच्या पातेल्याकडे बोट दाखवत. निमोण्याचे एक आबा म्हणाले, "काल ठेचा-भाकरी खाल्ली, पर तसं लिवू नका. सरकारला काय वाटंल आमच्या घराबद्दल? श्रीखंड लिवा!"

"आबा, श्रीखंड खाल्लं कवा?"

"दिवाळीला. खाल्लंच न्हाई असं हाय का?"

गेल्या वर्षी आत्या गॅसपुढंच चक्कर येऊन पडली. दौंडच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं; अंगात रक्त फार कमी होतं. त्यांनी मामांना विचारलं, "काल काय काय खाल्लं यांनी?"

आत्या सगळ्यांची जेवणं झाल्यावर आत एकटी बसायची. तिच्या ताटात काय असायचं, ते मामांना ठाऊकच नव्हतं. आत्याच खाटेवरून म्हणाली, "त्यांना कशापायी इचारता, बाई? ते गावाला व्हते." खरं तर मामा त्या दिवशी घरीच होते.

आता घरात दोन ताटं शेजारी मांडली जातात आणि आत्या येईपर्यंत मामा तुकडा मोडत नाहीत. गेल्या रविवारी मी गेलो, तेव्हा तिसरं ताट आलं. "ये की गं, निवतंय सगळं," मामांनी हाक मारली. "तुमी सुरू करा, आलेच मी," आतून आत्या म्हणाली. मी भाकरीला हात घातला, तर मामा हळूच म्हणाले, "थांब रं जरा." आमटी गार होत होती. आम्ही दोघं ताटांपुढं बसून राहिलो, आणि आत आत्यानं आणखी एक भाकरी थापायला घेतली.