वरून पडणारा बर्फ

कडाडकन आवाज झाला आणि क्षणभर मला वाटलं, स्वयंपाकघरातली लोणच्याची बरणी फुटली. मागोमाग आला तो गारवा, नुकत्याच गोठलेल्या पाण्याचा, कोरा आणि निर्मळ. चैत्रातली आळंदची दुपार, बाहेर रस्त्याचं डांबर मऊ पडलेलं, आणि आमच्या घरात फ्रिजच्या बंद दारातून बर्फाचे खडे ग्लासात कोसळत होते! मी लहान मुलासारखा हरखलो. माय मात्र दचकून दोन पावलं मागं सरली.

हा सगळा खटाटोप तिच्यासाठीच होता. मायच्या घशाच्या कॅन्सरवर किरणांचे शेक देऊन झाले होते. कलबुर्गीच्या दवाखान्यातून घरी आणली तेव्हा तिचं तोंड आतून सोलून निघालेलं; भाताचं शीत गिळायचं म्हटलं तरी डोळ्यांत पाणी यायचं. दिवसभर बर्फाचा खडा तोंडात राहू द्या, डॉक्टर म्हणाले, दाह शमेल, चार घास पोटात जातील. नाहीतर नाकातून नळी घालावी लागेल. त्या नळीची मायला मरणापेक्षा जास्त धास्ती होती. मी शाळेत, बायको बँकेत. दिवसभर माय एकटी. बर्फाचा ट्रे पिळायला तिच्या बोटांत बळ नव्हतं. म्हणून हा दांडगा फ्रिज आणला, स्वतःच पाणी घेणारा, स्वतःच बर्फ करणारा.

जोडणीला प्लंबर मस्तानभाई आले. आमच्या बोअरचं पाणी जड, पातेल्याला पांढरा थर धरणारं. म्हणून त्यांनी फिल्टरच्या पुढून एक बारीक पांढरी नळी काढली, ओट्याखालून, भिंतीच्या कडेकडेनं फ्रिजच्या पाठीत नेऊन घट्ट बसवली आणि सांध्याखाली तळहात धरून बराच वेळ थेंबाची वाट पाहिली. थेंब आला नाही. "पैले दो बार का बरफ फेक देना साब," ते म्हणाले, "नळी का बास रैता." मायनं तो नळीच्या वासाचा टाकाऊ बर्फही मोरीत जाऊ दिला नाही, कडीपत्त्याच्या बुडात ओतायला लावला.

पाणी किती दुरून येतं घरात! जमिनीच्या पोटातून वर, टाकीतून खाली, भिंतीआडून, अंधारातून, आणि शेवटी एका शुभ्र खड्याचं रूप घेऊन हाती पडतं. मी मास्तर माणूस. असं काही सुचलं की मला व्याख्यानाचा उमाळा येतो. ग्लास घेऊन मी फ्रिजसमोर उभा राहिलो, दारातल्या खोबणीतली काळी पट्टी ग्लासानं दाबली, आणि मोठ्या ऐटीत मायला म्हणालो, "बघ माय, कुठं हात लावायचा न्हाई. नुसतं हितं उभं ऱ्हायचं. वरून आपोआप पडतंय." नवी वस्तू, कुठलंतरी बटण दाबलं जाऊन बिघडायला नको, म्हणून पुन्हा बजावलं, "हात तेवढा लावू नकोस." माझी रुंद पाठ तिच्या आणि त्या पट्टीच्या मध्ये होती, हे मात्र या शहाण्याच्या ध्यानातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला घरी आलो. माय फ्रिजसमोर जमिनीवर बसलेली, ओठ चिरलेले, एका कोपऱ्यात रक्त सुकलेलं. दार उघडून पाहिलं तर आतलं भांडं काठोकाठ भरलेलं. एक खडाही कमी झाला नव्हता.

"माय, बर्फ कामून घेतला न्हाईस?"

"लई येळ उभी ऱ्हायले की," ती कशीबशी बोलली. "पडलंच न्हाई."

"कशी उभी ऱ्हायलीस?"

ती भिंतीला धरून उठली. फ्रिजपासून हातभर अंतरावर थांबली, पदर सावरला, कमरेत वाकली, आणि दोन्ही हातांची ओंजळ करून तोंडाशी नेली. मान खाली. तशीच थांबली.

ही ओंजळ मी आयुष्यात कधी पाहिली नव्हती, फक्त एकदाच ऐकली होती. तिच्या माहेरी, मंठाळच्या आडावर आमच्या लोकांना पोहऱ्याला हात लावायची मुभा नव्हती. पोरवयातली माय अशीच वाकून उभी राहायची, कुणाला दया आली तर वरून धार पडायची, नाही आली तर उन्हात तिष्ठायचं. पुढं घरात धम्म आला, मी शिकलो, नोकरी लागली, स्वतःचं घर बांधलं, प्रत्येक खोलीत नळ घेतले. माणसाला वाटतं, संपलं ते! कुठं संपतं? हाडांत मुरलेलं असतं.

"तूच म्हन्लास न्हवं," माय ओंजळीतूनच म्हणाली, "हात लावायचा न्हाई, वरून पडतंय म्हनून."

मीच म्हणालो होतो. त्या आडाच्या कठड्यावरचं वाक्य, शब्द न् शब्द, माझ्या घरात, माझ्या तोंडून! आणि तिनं उलट विचारलंसुद्धा नाही. दुखणाईत बाई दुपारभर, पाऊल बधिर होईतो, कुणाची दया येण्याची वाट पाहत राहिली.

मी तिचा हात धरला, ओंजळ सोडवली आणि तळवा त्या पट्टीवर टेकवला. तिनं झटक्यानं हात मागं घेतला आणि माझ्याकडं पाहिलं. पोटच्या लेकाकडं आईनं परवानगीसाठी पाहावं, त्या नजरेसारखं भयंकर मी काही पाहिलेलं नाही.

"दाब माय. घर तुझंच हाय."

तिनं दाबलं. कडाडकन खडे तिच्या मनगटावर, फरशीवर, सगळीकडं उसळले. ती दचकली, पण हात काढला नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा. एक खडा उचलून तिनं जिभेवर ठेवला, डोळे मिटले आणि कितीतरी वेळानं सुस्कारा सोडला. मी गुडघ्यांवर बसून ओल्या फरशीवरचा बर्फ वेचत होतो. डोळे वाहत होते, ते पुसायचंही सुचत नव्हतं.

"गार वाटायलंय," माय म्हणाली. मग खाली वाकून तिनं आपला ओला, थंडगार हात माझ्या गालाला लावला. "आन तू कामून रडायलास?"