उचलायचं नाही म्हणणारी आपा

त्या सकाळी ऑटो वेळेवर आला, तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी बिनसलंय. चार वर्षांत तो कधी वेळेवर आला नव्हता. नातीची, मुक्ताची, वेणी अर्धी सोडून मी दाराशी आले, तर ड्रायव्हर गजानन हँडल धरून नुसता बसलेला. मागं चार लेकरं आणि आपाची जागा रिकामी. "काकू, आपा गेली," म्हणाला. "पहाटे छातीत दुखाले लागलं. पोरगा गाडी पाहाले गेला, तेवढ्यात…" खरं सांगू? मला रडू आलं नाही, राग आला. दोनच दिवसांपूर्वी माझ्या ओट्यावर कडाकडा भांडून, समोर ठेवलेला चहा न पिता गेली होती ती. भांडण अर्धवट टाकून असं कोणी जातं का?

जुबेदा आपा आमच्या बडनेऱ्याच्या पिंजाऱ्यांच्या घरातली. नवरा होता तोवर दोघं मिळून गाद्या-रजया भरायची. तो गेल्यावर ती अमरावतीच्या शाळेच्या ऑटोत मदतनीस म्हणून बसायला लागली. मुक्तासारख्या लेकरांना घरून नेण्या-आणण्यासाठी शाळेनं तो ऑटो लावला होता. मुक्ताला जन्मताना श्वास घेता आला नव्हता. पाय आखडलेले, बोलणं एकेका शब्दाचं. मुलगा-सून अकोल्याला नोकरीला, तिथं तिच्या जोगत्या शाळेत जागा मिळेना, म्हणून पोर माझ्याजवळ. गाडी दारात येणार, बाई लेकराला उचलून बसवणार, आणखी काय पाहिजे… असं मी समजून बसले होते.

पहिल्याच दिवशी आपा खाली उतरली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मी मुक्ताला उचलायला वाकले तर माझ्या हातावर चापट!

"उचलाचं नाई. चढू द्या तिले."

"अहो, सहा वर्षांची आहे. पायात जोर नाही तिच्या."

"मंग वेळ लागंल. लागू द्या."

लागला की! दांडी धरायची, गुडघा टेकायचा, घसरायचं, पुन्हा दांडी धरायची. आपा मागं दोन्ही हात पसरून उभी, पण हात लावायची नाही. गजानन हॉर्न वाजवून वाजवून दमला. त्या वर्षांत कापसानं कोणाचंच भलं केलं नव्हतं. गजाननही गावाकडचं वावर बटईनं, अर्ध्या वाट्यावर देऊन हा जुना ऑटो चालवत होता, आणि लेकरं सोडली की त्याला स्टेशनवरच्या सवाऱ्या गाठायच्या असत. "आपा, माही सवारी गेली ना!" तो कळवळायचा. आपा म्हणायची, "जाऊ दे. तुह्या सवारीले पाय आहेत."

पाच घरं, पाच लेकरं, आणि दर दारात हाच तमाशा. शाळेची प्रार्थना होऊन पहिला तास सुरू झाला की मग आमचा ऑटो पोचायचा. पालक चिडले. हेडबाईंनी आपाला बोलावून सांगितलं, मुलांना उचलून बसवा, रोजच्या उशिरामुळं वरचे अधिकारी ही सोयच बंद करतील. आपानं मान डोलावली, "जी मॅडम" म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कमरेवर हात! मी कपाळाला हात लावला. गाडी बंद झाली तर माझी पोर घरात पडून राहणार होती, आणि या बाईला जिद्द सुचत होती.

एकदा कापसाची खरेदी सुरू झाली आणि रस्ताभर बैलबंड्यांची रांग लागली. ऑटो पुढं सरकेना. गजानन म्हणाला, परत फिरू. आपानं पाचही लेकरं उतरवली आणि बंड्यांच्या कडेकडेनं चालवत पलीकडे नेली. एक गाडीवान ओरडला म्हणे, "वरात कोणाची वं आपा?" ही म्हणाली, "तुहीच! बैल धर, नवरदेवा!" संध्याकाळी मुक्ता घरी आली ती दोन्ही गुडघे फुटलेले, केसांत कापूस. मी तोंडाला येईल ते बोलले. आपानं सगळं ऐकून घेतलं आणि पहिल्यांदाच माझ्या ओट्यावर टेकली.

"कमलबाई, माहा एक भाऊ होता. असाच. अम्मीनं उचलला, मंग मी उचलला. माहं लगन झालं, अम्मी म्हातारी झाली… मंग तो खाटेवरच राह्यला. लय वर्सं." मुक्ताच्या केसांतला कापूस वेचत म्हणाली, "फुटला गुडघा भरून येते वं."

त्यानंतर मी भांडणं सोडलं, असं मात्र समजू नका. वर्षभरात मुक्ता एकटी चढायला लागली, तरी वेळ लागायचाच आणि मी बोलायचीच.

यंदा मुक्ताची चौथी झाली. शाळेनं कळवलं, गाडी लहान मुलांपुरतीच, पाचवीपासून तुमचं तुम्ही पाहा. लेकरू दहाचं झालं की पाय आपोआप सरळ होतात, असं नियम करणाऱ्यांना वाटत असावं! मी म्हटलं, झालं तेवढं शिक्षण पुरे. अकोल्याला आईबापाजवळ घरी राहील. आपा भडकली. "काहून? बस नाई काय अमरावतीची? सुट्ट्या लागू द्या, मी शिकवते तिले बसमंदी चढाले." मी म्हटलं, "तुझं डोकं फिरलंय, आपा." तेच आमचं शेवटचं बोलणं.

उरलेले दिवस ऑटोत आपाच्या जागी दुसरी मुलगी आली. हसरी, गोड, लेकरांना झटकन उचलून आत ठेवायची. मुक्ता तिच्या हातात लाकडासारखी ताठ व्हायची. "मी… मी…" म्हणायची. सुट्टीत माझा मुलगा तिला न्यायला आला, तर पोरीनं दाराची चौकट धरली ती सोडेना. बाप समजावून थकला. शेवटी मीच म्हटलं, "बाळा, तू जा. राहू दे तिला इथं."

गेल्या आठवड्यात शाळा उघडली. मी मुक्ताला घेऊन थांब्यावर गेले. बस आली, माणसं भराभर चढली, कंडक्टर दारातून ओरडला, "आजी, उचला ना पोरीले, टाइम होऊन राह्यला!"

"चढते ती. थांबा जरा."

मुक्तानं दांडी धरली. गुडघा टेकला. घसरली. आतून कोणीतरी बाई म्हणाली, "काय दगडाची म्हातारी आहे वं!" माझे हात असे शिवशिवत होते… मी ते पदरात गुंडाळून धरले. पुन्हा दांडी, पुन्हा गुडघा, मग दुसरा पाय. ती वर पोचली, वळली आणि म्हणाली, "आजी. ये."

मग माझी पाळी आली. पायरी उंच, माझे पाय संधिवाताचे. कंडक्टरनं हात पुढं केला. मी गुपचूप धरला. ओरडायला आपा नव्हती.