इंजिन हलणार नाही

माझी नात पुण्यात डेटा सेंटरसाठी वीज ठरवते. सूर्याची घ्यावी, वाऱ्याची घ्यावी की लाइनीची, यावर महिनोन्‌महिने बैठका चालतात म्हणे. परवा म्हणाली, "आजी, कितीही करा, मागं डिझेलचं इंजिन ठेवावंच लागतं." मी म्हटलं, बाई गं, यासाठी मी तुझ्या आजोबांच्या भावाशी भांडले होते!

महाराष्ट्र नवानवा होता. मोताळ्याजवळच्या आमच्या गावात विजेचे खांब आले. मालक वारले होते आणि पिठाची गिरणी हीच माझी भाकर होती. ती बंद पडली तर दुसऱ्याच्या वावरात निंदायला जाणं आलं. गिरणी तेलाच्या इंजिनावर चाले. धुराच्या नळीवर उपडं डबडं बसवलेलं, त्याची टुकटुक शिवारभर जाई. ती ऐकली की बाया डबे उचलत.

दीर म्हणाले, "वहिनी, दुनिया कुठं जाऊन राह्यली, अन् तुमी धुरात बसून राह्यल्या! मोटर बसवू, इंजिन इकून टाकू."

"मोटर आना. पन इंजिन हलनार नाही. तार तुटली तं दळन काय तुमच्या मिशीवर दळू?"

मोटर आली. पहिल्या दिवशी गुपचूप फिरत राहिली आणि एक बाई फिरकली नाही. टुकटुक नाही म्हणजे गिरणी बंद, असं समजून सगळ्या घरी जात्यावर बसल्या होत्या! मला हसू आवरेना. दीर फणफणले, "होईल सवय." सवय झालीही, ते खोटं कशाला बोलू? पण त्याच जोरावर त्यांनी इंजिनाला मोताळ्याचं गिऱ्हाईक ठरवलं, मला न विचारता.

महालक्ष्म्या तोंडावर आल्या आणि वावटळीत खांब आडवा झाला. वीज गेली ती गेलीच. घरोघरी सणाचं दळण अडलं. अन् नेमकं त्याच सकाळी ते गिऱ्हाईक बैलगाडी घेऊन दारात! दीर म्हणाले, "सबूद देल्ला आहे, वहिनी."

माझं डोकंच फिरलं. "सबूद तुमी देल्ला, मी नाही!" पदर खोचला, शेजारच्या चाचीला हाक मारली. दोघींनी हँडल मारलं. एकदा, पुन्हा एकदा. तिसऱ्यांदा इंजिन धडधडलं, डबडं वाजायला लागलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं होतं ते, दुसऱ्या कशाचं नाही.

गल्लीगल्लीतून बाया निघाल्या. डोक्यावर डबे, टोपल्या. अंगण भरलं, दार भरलं, गाडीवाला मधेच अडकला. "इंजिनाचं काय मग?" त्यानं दिरांना विचारलं. दीर काही बोलायच्या आत पुढच्या म्हातारीनं ज्वारीचा डबा त्याच्या गाडीवर टेकवला.

"गाडी बाजूले घे बापू. माहा नंबर आहे."