संक्रांतीची कार्डे आणि माझे मनगट

डॉक्टरांनी माझा खालचा ओठ बोटाने ओढून धरला, हिरडीकडे बघितले, कंपाउंडरला बोलावून ती त्यालाही दाखवली आणि मग मला विचारले, "मास्तर, तुम्ही शिसं खाता काय?"

मी परभणीच्या शाळेत भूगोल शिकवतो. शिशाच्या खाणी कुठे आहेत हे विचारले असते तर सांगितले असते. ते खाण्याबद्दल आजवर कोणी विचारले नव्हते. मी नाही म्हणालो.

"हिरडीच्या कडेला ही निळसर काळी रेघ आहे. हिला ब्ल्यू लाइन म्हणतात. मनगट लोंबतंय, तो रिस्ट ड्रॉप, म्हणजे मनगट वर उचलणाऱ्या नसा निकामी होणं. पोटात मुरडा, तो कॉलिक. तिन्ही एकत्र म्हणजे लेड पॉयझनिंग. शिशाची विषबाधा. छापखान्यात जाता? घरांना रंग देता?"

"नाही. भेटकार्डं करतो," मी म्हणालो. दवाखान्याच्या त्या खोलीत हे वाक्य फार मूर्खपणाचे वाटले.

ज्यांना असे काही होईल त्यांच्यासाठी सगळे क्रमाने सांगतो.

दिवाळीनंतर माझे पोट दुखू लागले. आधी ओवा झाला, मग हिंग, मग एरंडेल. वैद्यबुवांनी वात सांगितला. शेजाऱ्यांनी नजर सांगितली. तोंड पांढरे पडले, जेवणावरची वासना गेली. माझी बायको यमुना हिने पोटदुखी थांबावी म्हणून मारुतीला शेंदूर चढवण्याचा नवस बोलून टाकला. मी असल्या गोष्टींना हसतो, तसा त्या वेळीही हसलो.

मग एके दिवशी फळ्यावर गोदावरीचा प्रवाह काढताना खडू धरलेला हात मनगटातून खाली पडला. गोदावरी नाशिकहून निघाली ती पैठणलाच थांबली. मुले हसली. त्यांना वाटले, मास्तर गंमत करायलेत. मी हात उचलून बघितला. दंड उठला, कोपर वाकले, पंजा मात्र ओल्या फडक्यासारखा लोंबत राहिला. दवाखान्यात मी त्या दिवशी गेलो, त्याआधी नाही.

आता कार्डांचे. आमचा जिल्हा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढची ही संक्रांत. गावातल्या थोरामोठ्यांनी स्वतःच्या फोटोची भेटकार्डे छापून घेतली होती. त्यात वर फेटा, मध्ये मिशा, आणि तिळगूळ घ्या हे शब्द खाली जागा उरली म्हणून आलेले. मला छापील गोडी नको होती. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून, घडी घालून, त्यावर मी चित्रे रंगवत असे. आपल्या माणसांना आपल्या हातचे जावे, एवढाच हट्ट. मामाला बैलजोडी, बहिणीला तुळस, लेकीला दरवर्षी गणपती. आत तिळगुळाची वेगळी पुडी. दुकानातले रंग फिके पडत, म्हणून नारिंगी रंगासाठी मी किराणावाल्याकडचा शेंदूर डिंकात खलून वापरी. सूर्य म्हणावा असा रंग फक्त त्याचाच येतो.

आणि ब्रशाचे टोक मी ओठांत फिरवून अणकुचीदार काढत असे.

ही सवय उर्दू शाळेची. निजामाच्या राज्यात आमचे शिक्षण उर्दूतून झाले. तख्तीवर, म्हणजे लाकडी पाटीवर, बोरूने अक्षरे काढायची आणि अक्षर चुकले की जिभेने चाटून पुसायचे. आमचे उस्ताद खुशखत, म्हणजे सुंदर अक्षराच्या मुलाची परीक्षा त्याची जीभ किती काळी आहे यावरून करत. ती शाई दिव्याच्या काजळीची असे, तिने कोणाचे काही बिघडले नाही. तख्ती गेली, राज्य गेले, जीभ तीच राहिली.

डॉक्टर हैदराबादला शिकलेले, तरुण, फार न बोलणारे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. "शेंदूर म्हणजे रेड लेड," ते म्हणाले. "शिशाचीच राख म्हणा. अंगाला लागून एवढं होत नाही. तुम्ही रोज पोटात घातलात."

यमुना दाराशी उभी होती. "देवाला लावायचं ते विष कसं असंल हो डॉक्टरसाहेब?"

"देव चाटत नाही, बाई."

मारुतीपुढे कधी हात न जोडलेल्या माणसाने त्याचा शेंदूर वर्षानुवर्षे गिळला होता. यावर मला हसू यायला हवे होते. पण डॉक्टरांनी पुढचा प्रश्न विचारला.

"हे रंगकाम तुमच्याकडून आणखी कोण शिकलंय?"

आमची शकू. एकुलती एक लेक. लहानपणापासून माझ्या शेजारी बसून ती कार्डे रंगवायची, आणि ओठांनी टोक कसे काढायचे हे मीच तिला शिकवले होते. गेल्या उन्हाळ्यात तिचे लग्न होऊन ती सेलूला गेली. जाताना मी तिला ब्रश दिले आणि शेंदराची मोठी पुडी दिली. ही तिची सासरची पहिली संक्रांत. सगळ्या सासरला हातची कार्डे द्यायची म्हणून ती दसऱ्यापासून बसली होती. आणि तिला दिवस गेले होते.

मी हे सांगितले तसे डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. "गर्भाला शिसं फार वाईट. पुष्कळदा मूल राहत नाही. राहिलं तर..." ते वाक्य मी त्यांना पुरे करू दिले नाही. आजही करू देणार नाही.

तार करावी असे माझ्या मनात आले. यमुना म्हणाली, "तार नका करू. तार आली की लोकं आधी रडत्यात, मग वाचत्यात. मीच जायलेय." मिळाली त्या गाडीने ती सेलूला गेली आणि मला दवाखान्यात खाटेवर ठेवून घेतले.

वाट बघणे हा आजाराचा सर्वात लांब भाग असतो, हे मी खात्रीने सांगतो. माझ्या बोटातून रक्त काढून काचेवर पसरले. सूक्ष्मदर्शकात तांबड्या पेशींवर निळे ठिपके दिसले. त्याला बेसोफिलिक स्टिपलिंग म्हणतात, म्हणजे शिशाने पेशींवर काढलेली नक्षी. हाताला स्प्लिंट बांधले, म्हणजे मनगट वर उचलून धरणारी फळी. शिशाला धरून लघवीवाटे बाहेर काढणारे एक नवे औषध होते, ते मुंबईहून मागवावे लागले. शेजारच्या खाटेवर पोखर्णीचा एक धनगर पाय मोडून पडला होता. त्याने विचारले, "मास्तर, तुमाला काय झालंय?"

"रंग खाल्ला."

"कामून?" त्याने मनापासून विचारले. मी भिंतीकडे तोंड केले. भिंतीचा चुना पांढरा होता आणि मला त्यावर नारिंगीच दिसत होते. त्या खाटेवर मी शकूच्या ओठांचा विचार केला, दुसऱ्या कशाचाही नाही.

पुढचे आधीच सांगून टाकतो, वाचणाऱ्याला टांगून ठेवण्यात मला मौज वाटत नाही. उन्हाळ्यात शकू सुखरूप बाळंत झाली. मुलगी आहे, धडधाकट आहे, आवाज मोठा आहे. माझे मनगट सावकाश उठू लागले. आता खडू धरता येतो, गोदावरी समुद्रापर्यंत जाते. कार्डे अजून करतो. रंग हळदीचा, पळसाच्या फुलांचा, काजळीचा. ब्रशाचे टोक ओल्या फडक्यावर फिरवून काढतो. घरात कोणी शेंदूर, सफेदा असले शिशाचे काही खलत असेल, तर कृपा करून हात धुवा आणि ब्रश तोंडापासून लांब ठेवा. पोट दुखते म्हणून दोन महिने ओवा खात बसू नका.

पण त्या दिवशी यातले काहीच मला माहीत नव्हते.

यमुना सेलूला गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी शकूला घेऊन आली. बरोबर शकूच्या सासूबाई, आमच्या विहीणबाई, आल्या होत्या. कडक सोवळ्याच्या. दवाखान्याच्या बाकाला शिवायला नको म्हणून लुगडे सावरून उभ्याच. लग्नात पंगतीचे पाट त्यांनी स्वतः दोनदा धुवून घेतले होते आणि मी त्यावर चार माणसांत विनोद केला होता.

डॉक्टरांनी शकूचा ओठ ओढला. एक बाजू बघितली, मग दुसरी. मी बघू शकलो नाही.

"रेघ नाही," ते म्हणाले. मग रक्त बघून आले. "ठिपके नाहीत. थोडंफार गेलं असेल, पण भिण्यासारखं नाही. पोरी, तू ब्रश तोंडात घालत नव्हतीस?"

शकूने सासूकडे बघितले. "घालत होते. पण पहिल्याच दिवशी पकडलं आईंनी."

"मग पकडू न्हाई तर काय करू?" विहीणबाई म्हणाल्या. "गणपती काढायली, अन् बुरूश तोंडात! मी म्हणलं, अगं, उष्ट्या बुरशाचा गणपती माझ्या घरात चालायचा न्हाई. वाटीत पाणी घे, फडकं घे. अन् रंगातून उठलीस की हात धुतल्याबिगर सैपाकघरात पाऊल टाकायचं न्हाई."

"नाना, रोज समोर बसून राखण करायच्या," शकू मला म्हणाली. "मला लय राग यायचा."

"येऊ दे की. राग आल्यानं काय विटाळ होत न्हाई."

डॉक्टर हसले. दवाखान्यात मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघितले. "बाई, आमच्या पुस्तकात हेच लिहिलंय. फक्त त्यात गणपती नाही."

"मग ते पुस्तक अपुरंच म्हणा," त्या म्हणाल्या.

सोवळ्याविरुद्ध मी आयुष्यभर भाषणे केली आहेत. ती मी मागे घेत नाही. या सोवळ्याने किती माणसांना दाराबाहेर उभे केले तेही मला ठाऊक आहे. पण त्याच सोवळ्याने त्या हिवाळ्यात माझ्या नातीला वाचवले, हेही खरे आहे. ही दोन सत्ये माझ्या डोक्यात अजून एका पंगतीला बसलेली नाहीत.

मला काहीतरी बोलायचे होते. मी विहीणबाईंपुढे हात जोडायला गेलो. तपासणीसाठी स्प्लिंट सोडलेले होते. डावा हात छातीशी आला, उजव्याचा पंजा खाली लोंबला. मी डाव्या हाताने तो पंजा उचलून सरळ धरला, पण मग जोडायला डावा हात उरेना. दोनदा करून बघितले. शकू तोंडाला पदर लावून रडू लागली.

विहीणबाई खाटेजवळ आल्या. त्यांनी माझा लोंबता पंजा, दवाखान्यातल्या माणसाचा, आंघोळ न केलेल्या माणसाचा, आपल्या हाताने वर उचलला आणि माझ्या डाव्या हाताला नेऊन टेकवला.

"झाला नमस्कार," त्या म्हणाल्या. "आता पडा गुमान. मला घरी जाऊन पुन्हा न्हावं लागंल."