गुळाची तुला आणि माझं पारडं

देवीने मला वाचवलं याबद्दल माझ्या मनात कधीच शंका नव्हती. शंका होती ती डॉक्टरांबद्दल. मुंबईला माझी किडनी बदलली, धाकट्या बहिणीने स्वतःची एक दिली, आणि रत्नागिरीला परतल्यावर मला जी भूक लागली, ती काय सांगू! आजारपणात पाणीसुद्धा मोजून, मीठ नाही, नारळ नाही. आता सगळं खुलं झालं. त्यात त्या गोळ्या. नवी किडनी अंगाने परकी मानू नये म्हणून त्या जन्मभर घ्यायच्या, आणि त्यांतल्या एकीने भूक आणखीच खवळते. मग घावन काय, आंबापोळी काय! येणारा प्रत्येक पाहुणा म्हणायचा, "छान भरलीस हो, तब्येत सुधारली." मीही म्हणायची, देवीची कृपा.

इथले डॉक्टर मात्र दर खेपेला वजनकाट्याकडे बघून सुस्कारा टाकायचे. "काकी, किडनी छान चाललीय. पण बीपी बघा, साखर बघा. किडनी बदललेल्या माणसाच्या हृदयाला आधीच धोका जास्त, त्यात हे वजन. चालायला लागा." मी मान डोलवायची आणि घरी येऊन डॉक्टरांना नावं ठेवत घावनाला तूप लावायची. एवढं मोठं संकट ज्या देवीने निभावलं, ती हृदयाकडे बघणार नाही का? माझी भक्ती ही अशी, सगळं तिच्यावर टाकून मोकळी.

बहिणीने ऑपरेशनआधी नवस बोलला होता, ताई जगली तर गावदेवीला तिच्या भाराइतका गूळ. पण गर्दीत जायची परवानगी मिळेपर्यंत बरेच महिने गेले. आमच्या गावची पद्धत अशी की तुलेसाठी घरचं वजन धरायचं नाही, भार देवीच्या तागडीनेच ठरायचा. त्यामुळे गूळ आणला अंदाजाने. बहीण राहते अलोऱ्याला, मला बघते फोनवर, आणि फोनवर मी दाखवायची फक्त तोंड. तिच्या डोळ्यांसमोर अजून खाटेवरची ती काडीच होती.

देवळाच्या तुळईला तागडी टांगली. एका पारड्यात मी मांडी घालून बसले, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा चढल्या. सगळ्या चढल्या. माझं पारडं जमिनीवरून हलेना. गुरवकाका म्हणाले, "अजून आणा." अजून कुठला आणणार? बहिणीने ओटीचे नारळ ठेवले, मग प्रसादाचे तांदूळ. कुणीतरी समई उचलली, ती काकांनी ओरडून खाली ठेवायला लावली.

"ताई, श्वास धरून ठेव," बहीण कानाशी म्हणाली.

"धरलाय!"

"मग पाय वर घे."

"वरच आहेत गो, मांडी घातलीय ना!"

सगळा मंडप हसायला लागला. मी डोळे मिटले आणि म्हटलं, आई, आता तूच उचल.

डोळे उघडले तर समोर एक अनोळखी बाई, हातात नारळांची पिशवी. काही न विचारता ती एकेक नारळ पलीकडच्या पारड्यात ठेवत होती. शेवटचा ठेवला आणि मी अलगद वर उठले. खाली उतरून तिचे हात धरले तेव्हा ती हळूच म्हणाली, "बाय, माझ्या भावाची पण किडनी बदललेली. किडनी शेवटपर्यंत झकास चालली. हृदय बंद पडलं. तो पण असाच भरलेला. आम्हीच म्हणायचो, तब्येत सुधारली." ते नारळ तिने त्याच्याच नावाने आणले होते. नंतर प्रसाद द्यायला शोधलं, तर ती हातखंब्याची एस.टी. पकडून गेलेली. देवी कुणाच्या रूपाने येते यावर मी वाद घालत नाही.

बहिणीने सगळं ऐकलं होतं. एरवी तिच्या तोंडाला खळ नसतो. तेव्हा डोळे पुसून एवढंच बोलली, "ताई, ती माझी किडनी आहे. तुझ्याबरोबर लवकर जाळायला नाही दिली मी."

गुरवकाकांनी गाऱ्हाणं घातलं, "हिचा भार तुझ्या पायाशी आलाय गे आई, आता तो हिच्या अंगावर परत चढू देऊ नको!" त्यावर सगळा मंडप "व्हय महाराजा!" असा गरजला की माझ्यासाठी एवढ्या एकमताने कुणी काही मागितल्याचं मला आठवत नाही. साखरेमुळे माझ्या वाट्याला माझ्याच गुळाचा आला तो नखाएवढा खडा.

दुसऱ्या दिवशी मी आपणहून डॉक्टरांकडे गेले आणि म्हटलं, सांगा, काय करू. ते खुर्चीतून पडायचेच बाकी होते. शरण जाणं म्हणजे देवीवर सगळं टाकून घावन खाणं, असं मी समजत होते. पण तिने माणसांच्या तोंडून सांगितलेलं ऐकायचं, आणि वाढायला आलेल्या हाताला पुरे म्हणायचं, हे त्याहून अवघड. रोज जमतं असं नाही. वजन उतरतंय, पण सावकाश. गुरवकाका म्हणतात, पुढच्या तुलेत देवीचं नुकसान होणार.

बहीण अधूनमधून राहायला येते आणि सकाळी मला मांडवीच्या किनाऱ्यावर ओढून नेते. एक तिच्या पोटातली, एक माझ्या पोटातली, अशा त्या दोघी किडन्या, जन्मापासूनच्या सख्ख्या जोडीदारणी, पुन्हा शेजारी शेजारी वाळूवरून चालत असतात. माझं हृदय धापा टाकत त्यांच्या मागून येतं. पण येतं, आणि त्याच्या प्रत्येक ठोक्याला मी आईला हात जोडते.