लोहाराचं पुढे काय झालं?

साऱ्या उपनगरांत एकच हुकूमशहा असा आहे, ज्याच्याविरुद्ध मी अजून पत्रक काढलेलं नाही. ते म्हणजे आमचे खालचे काका. बाकी कुणाला मी सोडलेलं नाही. फुटपाथ गिळणारे, शाळेच्या फाटकासमोर कचराकुंडी आणून ठेवणारे, झाडाच्या बुंध्याभोवती सिमेंट ओतून वर 'हरित परिसर' अशी पाटी लावणारे, या सगळ्यांवर माझं एकेक पत्रक निघालेलं आहे, पिवळ्या कागदावर, पाठपोट, उद्गारचिन्हांसकट. पण 'मरोळचा ओटा' नावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर खालच्या काकांनी जी एकहाती राजवट चालवली आहे, तिच्यावर लिहायला बसले की माझं पेन मवाळ पडतं. हे पत्रक नाही, हे मी आधीच सांगून ठेवते.

ते 'खालचे' कसे, हेही सांगायला हवं, कारण सध्या ते चौदाव्या मजल्यावर राहतात आणि आम्ही नवव्या. मरोळची आमची जुनी वसाहत एकमजली होती. काका तळाला, आम्ही वर. वसाहत पाडली, टॉवर उभा राहिला, चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा काकांना चौदावा मजला आला. तरी माझी आई अजून म्हणते, "खालच्या काकांना वालाची उसळ देऊन ये," आणि मी डबा घेऊन लिफ्टने पाच मजले वर जाते. नव्या वॉचमनला आमचं हे भूगोलाचं गणित समजायला दोन महिने लागले. काका इथल्याच एका कारखान्यात टर्नर होते. आयुष्यभर लेथवर उभं राहून लोखंड सुतात मोजलं, आणि निवृत्त झाल्यावर गोष्टी सुतात मोजायला लागले. ग्रुपवर कुणी लांबण लावली की खाली काकांचा शेरा पडतो, 'माल चांगला. मधला दोन सूत काढ.' सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तो गोष्टीतून काढायचा कसा, हे मुलुंडला राहणाऱ्या आमच्या निवृत्त शिक्षिका बाईंनाही कळलेलं नाही. पण त्या निमूटपणे काढतात.

वसाहत पडल्यावर माणसं पांगली. कुणी बोरिवलीला, कुणी मुलुंडला, कुणी कांदिवलीला भाड्याच्या घरात गेलं ते तिथलंच झालं. काकांनी सगळ्यांचे नंबर गोळा करून ग्रुप काढला आणि पहिल्याच दिवशी कायदा सांगितला: इथे फक्त गोष्ट. एक तर हसवणारी, नाही तर उभारी देणारी, नाही तर लहानपणी कुणाकडून ऐकलेली जुनी. स्वतःच्या शब्दांत. सकाळचा गुलाब पाठवणाऱ्याला काका बाहेर काढतात आणि संध्याकाळी परत घेतात, मधल्या वेळात त्याने विचार करावा म्हणून. दुसरीकडून आलेली गोष्ट कुणी तशीच पुढे ढकलली, तर त्याला फोन येतो. "छान होती रे. आता तोंडी सांग." पलीकडचा गडबडतो, म्हणतो, काका, मी पूर्ण वाचली नव्हती. "मग आम्हाला कशाला वाचायला लावलीस?" मी एकदा त्यांच्या एका गोष्टीला नुसता अंगठ्याचा इमोजी दिला, तर पाच मिनिटांत फोन. "पोरी, एमए झालीस ना? आमच्या घरात अंगठा माझ्या आज्यापाशी संपला. दोन शब्द लिही."

स्वतः काका मात्र लिहीत नाहीत, बोलून पाठवतात. "जय भीम, नमस्कार, सलाम, ज्याला जे चालेल ते घ्या," अशी सुरुवात, मागे कुकरच्या शिट्ट्या. थोडं सांगून थांबतात आणि ग्रुपवरून कुणीतरी 'हं' लिहिल्याशिवाय पुढचा तुकडा पाठवत नाहीत. त्यांच्या गावाकडे, जालन्याच्या बाजूला, ऐकणाऱ्याने हुंकार भरला नाही तर सांगणारा सरळ उठून जायचा म्हणे. एकदा गोष्टीतला एक राजा विहिरीच्या काठावर एक पाय उचलून मंगळवारपासून शुक्रवारपर्यंत उभा होता, कारण सगळे आपापल्या ऑफिसात अडकले होते. विनोद सांगताना त्यांची तऱ्हा उलटी. विनोदाआधीच हसतात, इतकं हसतात की विनोद ऐकूच येत नाही, मग दुसऱ्या संदेशात तो समजावून देतात. पण बायकोवर, नोकरांवर, कुणाच्या जातीवर किंवा गावावर केलेला विनोद त्यांच्याकडे पास होत नाही. "आपल्यापेक्षा वरच्याची टिंगल करा की. खालच्याची काय करायची, तो आधीच वाकलाय." हे वाक्य मी तीन पत्रकांत वापरलं आहे, त्यांना न विचारता.

आता माझं आणि त्यांचं भांडण. टॉवरबरोबर आम्हाला मुलांचं मैदान मिळायचं होतं. कागदावर आहे, नकाशात हिरवं रंगवलेलं आहे. प्रत्यक्षात एका सकाळी तिथे लोखंडी खांब रोवले गेले आणि दुपारपर्यंत गाड्या उभ्या राहिल्या. मी त्याच दिवशी पत्रक लिहिलं, 'मैदान कुणाच्या बापाचं?', आणि ओट्यावर टाकलं. सात मिनिटांत गायब. मी परत टाकलं, परत गायब. मग फोन.

"ही गोष्ट आहे का?"

"काका, ही वस्तुस्थिती आहे!"

"असेल. यात माणूस कुठंय? नुसते 'आम्ही निषेध करतो.' आम्ही म्हणजे कोण? नाव नाही, गाव नाही."

"इथे पोरांचं मैदान चाललंय आणि तुम्हाला माणूस शोधायचाय?"

"हो."

माझं डोकंच फिरलं. मी ओट्यावर लिहिलं की हा ग्रुप म्हणजे रिकामटेकड्यांचा टाइमपास आहे, बाहेर आग लागली तरी इथे राजा-राणीच चालणार, आणि ग्रुप सोडला. गोष्टींनी एक खांब तरी उखडला गेला असेल तर मला दाखवा, असंही लिहिलं होतं. ते मला अजून चुकीचं वाटत नाही.

चौथ्या दिवशी नितीनचा फोन आला. नितीन आमचा जुना शेजारी, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, आता बोरिवलीला असतो. "काय गं बये, काय करून ठेवलंस? काका चार दिवस गप्प आहेत. परवा एकाने गुलाब टाकला, तरी काढला नाही त्याला. वाट लागली ना ग्रुपची."

"मला काय सांगतोस? त्यांना सांग."

"ऐक ना यार. तुला लोहाराचं विचारलं का त्यांनी कधी?"

नव्हतं विचारलं. लोहाराची गोष्ट मला ठाऊक होती, पण तिच्यामागचं नितीनने जे सांगितलं ते नव्हतं. खालच्या काकू, म्हणजे काकांची बायको, दुपारी शाळा सुटल्यावर आम्हा पोरांना ओट्यावर बसवून रोज एकच गोष्ट सांगायच्या. एक लोहार होता, त्याच्या डाव्या हाताला साडेचारच बोटं होती. त्याने अख्ख्या गावाला कुलपं करून दिली. एकदा कामावरून घरी आला, तर त्याच्याच दाराला आतून कडी आणि आत त्याची बायको रुसलेली. काकांचंही डाव्या हाताचं अर्धं बोट लेथने नेलेलं आहे, त्यामुळे लोहार कोण, हे आम्हाला पहिलीतही कळत होतं. काका तेव्हा सेकंड शिफ्टला असायचे. 'एक लोहार होता' एवढं कानावर पडलं की डबा उचलून निघायचे. त्यांनी ती गोष्ट पुढे कधी ऐकलीच नाही. काकू टॉवर व्हायच्या आधी, संक्रमण शिबिरातल्या तात्पुरत्या घरातच वारल्या. त्यानंतर वर्षभरात काकांनी ओट्याचा ग्रुप काढला आणि एकेकाला एकटं गाठून विचारायला लागले: लोहाराचं पुढे काय झालं?

"मग तू काय सांगितलंस?"

"मला कुठे आठवतंय? ठोकून दिलं काहीतरी. कौलं काढून आत उतरला म्हणालो. म्हाताऱ्या माणसाला नाही कसं म्हणणार? सगळ्यांनी तेच केलंय. मुलुंडच्या बाईंनी तर त्यात एक साधूही घातला."

"तुम्ही सगळे खोटं बोललात त्यांच्याशी? लाज नाही वाटत?"

मी फोन ठेवला आणि तशीच वर गेले. ठरवलं होतं काय बोलायचं ते, मुद्देवार.

काकांनी दार उघडलं, मला आत घेतलं. टेबलावर कारखान्यातल्या जुन्या जॉबकार्डांचा गठ्ठा होता. प्रत्येक कार्डाच्या कोऱ्या बाजूवर एकेक शेवट लिहिलेला, खाली सांगणाऱ्याचं नाव. कौलं होती, साधू होता, एकीकडे लोहाराने गाणं म्हटलं होतं, एकीकडे बायकोने पिठल्याचा वास येऊन कडी काढली होती.

"खोटे आहेत हे," काकाच म्हणाले. "नितीन कधी बसायचा ऐकायला? तो गोट्या खेळायचा."

"मग लिहून कशाला घेतलेत?"

"पोरं फोनवर इतकं मन लावून सांगतात गं. मधे कसं अडवायचं?" त्यांनी कार्डं सारखी केली. "तुला नाही विचारलं. तू तिच्या मांडीवर बसायचीस, तुला आठवत असणार. आणि तू खोटं सांगणार नाहीस. शेवट काय निघेल, म्हणून भ्यायलो."

माझे मुद्दे कुठल्या कुठे गेले.

"विचारू?" ते म्हणाले.

"काका, शेवट नव्हताच," मी म्हणाले. "काकू लोहाराला दाराशी आणून थांबायच्या. आम्ही ओरडायचो, पुढे काय, पुढे काय. तर म्हणायच्या, पुढचं काका घरी आले की. त्यांनाही ऐकू दे. तुम्ही येईपर्यंत आम्ही झोपलेले असायचो. दुसऱ्या दिवशी परत पहिल्यापासून."

"मी आल्यावर?"

"हो."

काकांनी आपलं अर्धं बोट अंगठ्याने चोळलं.

"हे म्हणताना हसायची का?"

"हसायच्या. आणि फाटकाकडे बघायच्या."

"मग शेवट चांगलाच असणार," काका म्हणाले. मग, माझ्याशी नव्हे असं, म्हणाले, "मी यायचो, ताट झाकलेलं असायचं. जेवायचो, पडायचो. आज पोरांना काय सांगितलंस, एवढं विचारायला कितीसा वेळ लागतो?"

 काकांनी गठ्ठ्याला रबर लावलं. एकही कार्ड फाडलं नाही. मग खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि स्वतः समोर बसले.

"मैदानाचं काय म्हणत होतीस तू?"

"पत्रक आणू?"

"पत्रक नको. तोंडी सांग. पहिल्यापासून."

मी सांगायला लागले. पहिला खांब रोवला तेव्हा तिथे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन बहिणी बॅडमिंटन खेळत होत्या. धाकटीचं फूल खांब घेऊन आलेल्या गाडीच्या टपावर पडलं, ते मागायला ती गेली, तिथपासून. गोष्ट लांबत गेली, मला ती कुठे संपवायची तेही कळेना. काका मात्र शेवटापर्यंत जागचे उठले नाहीत.